चारवर चालतोय ना? मग रडू नकोस

अगं मने, काल फोनवर तू अर्धा तास बोललीस, पण माझ्या कामाचं वाक्य एकच होतं : "ताई, हीटरचा पंखा एक-दोन-तीनवर ढिम्म हलत नाही, चारवर मात्र भणाणतो." मिलवॉकीची थंडी, काचेवरचं धुकं, 'ही गाडीच काढून टाकू' म्हणणारा तुझा नवरा, हे सगळं मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. निम्मं निदान तू स्वतःच करून बसली होतीस.

आजोळच्या माजघरातला पंख्याचा तो काळा, चौकोनी, डब्याएवढा रेग्युलेटर आठवतो? पंखा एकवर ठेवला की तासाभरात त्याला हात लावता यायचा नाही. त्याच्या पोटात तारेची वेटोळी असायची. एकवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून रखडत जायची, पुढे एकेक वेटोळं कमी व्हायचं, आणि पूर्ण वेगाला ती वेटोळ्यांना वळसा घालून थेट पंख्याकडे. तुझ्या गाडीत तेच आहे, फक्त १२ व्होल्टवरचं. त्या तुकड्याला ब्लोअर रेझिस्टर म्हणतात. त्यातलं वेटोळं तुटलं किंवा त्याची राखण करणारा छोटा फ्यूज वितळला, की खालचे वेग जातात. चारला ती वेटोळी लागतच नाहीत, म्हणून चार शाबूत.

तुझ्या गाडीला गोल खटका आहे म्हणून हे इतकं सरळ. ज्या गाड्यांत तापमानाचा आकडा लावून विसरून जायचं असतं, त्यांत बहुधा वेटोळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि तिथे हा पुरावा चालत नाही. कुठल्याच वेगाला पंखा फिरला नसता, तर मी तुला आधी फ्यूज आणि रिले बघायला लावलं असतं, मग मोटरला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करायला. टकटकीने जागी झाली तर आतले ब्रश झिजलेत असं समजायचं. आणि पंखा छान फिरतोय पण हवाच गार येतेय, हे दुखणं पूर्णच वेगळं : हीटरची ऊब इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून येते, तेव्हा तिथे कूलंट, थर्मोस्टॅट बघायचे. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण मात्र कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही. तोंड भाजेल.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुझी टळेल. मिनीआपोलिसमधल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात हेच झालं होतं. मोठ्या ऐटीत रेझिस्टर आणला, पंधरा मिनिटांत बदलला, घरी फोन करून मिरवलंसुद्धा. तीन आठवड्यांत तो जळला. मी दुकानदाराला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि दुसरा आणला. बसवताना पहिल्यांदा नीट बघितलं, तर रेझिस्टरला जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट एका कोपऱ्यात तपकिरी पडून मऊ झालेलं, करपलेल्या पापडासारखं. आतली एक पिन काळी. मग हवेची गाळणी ओढून काढली, ती केबिन फिल्टर म्हणतात ना ती. तिच्यावर ओकची पानं, फळांची टरफलं आणि उंदराने कातरलेल्या कापसाचा छान गुबगुबीत गोळा. बाईसाहेबांनी माझ्या हीटरमध्ये बाळंतपण केलं होतं!

रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि त्याला थंड ठेवायला तोच वारा लागतो. गाळणी तुंबली की वारा कमी, वारा कमी की तो भाजून निघतो. शिवाय मोटरचं बेअरिंग कोरडं पडलं असेल तर ती जड फिरते, जास्त करंट ओढते आणि तो सगळा भार या बिचाऱ्यावर. म्हणजे जळतो तो, करतं दुसरंच कुणीतरी. गंमत म्हणजे तुझ्या मिलवॉकीच्या खालीच केनोशाला नॅश नावाची मोटार कंपनी होती. तिने १९३८ साली बाहेरची ताजी हवा आत घेऊन, गरम करून देणारी व्यवस्था आणली, तेव्हापासूनच तिच्यात गाळणी होती. आपण मात्र ती आहे हेच विसरतो.

तेव्हा कामाला बसशील ती अशी. गाडी गॅरेजमध्ये घे, तासभर उबेला राहू दे. थंडीत प्लास्टिकच्या खुंट्या बिस्किटासारख्या मोडतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोड आणि थोडा वेळ थांब, कारण शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या आसपास एअरबॅगच्या तारा असू शकतात. पिवळं सॉकेट दिसलं की हात मागे. तो कप्पा दोन्ही बाजूंनी आत दाबलास की बहुधा खाली लोंबतो. मागे काळ्या पेटीवर दोन स्क्रूंनी बसवलेली, चार-पाच तारांचं सॉकेट लावलेली पट्टी दिसेल, तीच ती. नुकताच पंखा चालवला असेल तर लगेच धरू नकोस, चटका बसतो. सॉकेटची जीभ दाबून ओढ, तारा धरून ओढू नकोस. मल्टिमीटर आहे ना? रेझिस्टरच्या पिनांमध्ये वेटोळं धड असेल तर फार तर काही ओहम दाखवेल. तुटलेलं असेल तर मीटर गप्प बसेल.

नवा घेताना गाडीचा व्हीआयएन क्रमांक दे, दिसायला जुळे दोन रेझिस्टर वेगळे निघतात. सॉकेट करपलं असेल तर तेही तारांच्या शेपटीसकट नवं घे, ही काटकसरीची जागा नाही. मोटरचा पंखा बोटाने फिरव : गुळगुळीत फिरून हळूहळू थांबला तर ठीक, करकरला किंवा अडखळला तर मोटरही बदल. आणि फ्यूज उडाला तर जितक्या अँपिअरचा जुना तितक्याचाच नवा. तुझ्या नवऱ्याला आमच्या काकांसारखी फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची हौस आली, तर त्याला स्वयंपाकघरात पाठव.

कप्पा परत लावायच्या आधी बॅटरी जोडून चारही वेग तपासून बघ. मी एकदा सगळं बंद करून मग तपासलं होतं, पुढचं विचारू नकोस.

तोपर्यंत गाडी लागलीच तर चारवर चालव, हवा काचेकडे वळव. जळका वास आला तर मात्र पंखा बंद आणि गाडी बाजूला. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, व्हिडिओ लावून फोन त्या कप्प्याच्या जागी टेकव. आणि स्क्रू ठेवायला आमटीची वाटी घेऊन बस. गेल्या वेळी तुझ्या वॉशिंग मशीनचे दोन स्क्रू अजून सापडायचेत.