डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांची ड्युटी

सरकारी दवाखान्यातून माणूस घरी आला की आजार संपला, असे आपल्या वस्त्यांत धरून चालतात. वॉर्डात ड्युटी केलेल्या आम्हा परिचारिकांना ठाऊक आहे की टाके पिकतात, रक्तदाबाची गोळी संपली म्हणून बंद होते, ते घरीच. म्हणून डिस्चार्ज कार्डाला आम्ही औषधाइतकेच मानतो.

हे कार्ड बहुधा निवासी डॉक्टर लिहितो. तो किती तास जागा आहे, हे कोण बघते? केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशानुसार त्याची ड्युटी साधारणपणे सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत मात्र तासांचा आकडाच नाही. कामाचे तास ‘वाजवी’ असावेत, एवढेच. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. तीही शिफारसच!

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे काम झाले; १९४६ च्या दुरुस्तीने तो कायदा झाला. दवाखाना म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे निवासी डॉक्टर त्या कायद्यात बसत नाही. रात्रभर जागून सकाळी दहा-वीस कार्डे लिहिणाऱ्याच्या हातून गोळीचे प्रमाण चुकले, तर भोगतो आपला माणूस. पण त्या थकलेल्या पोरावर धावून जाऊ नका. ड्युटी तो लावत नाही.

निघण्यापूर्वी सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारा: कोणती गोळी किती दिवस, जेवणाआधी की नंतर? टाके कधी काढायचे? कोणत्या वारच्या ओपीडीला यायचे? ताप, पू, रक्तस्राव, धाप यांपैकी काय झाले तर रात्रीच परत यायचे? उत्तर कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत विसरते. डिस्चार्जचा सारांश मिळणे हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेतला रुग्णहक्क आहे. आयुष्मान भारत योजनेत उपचार झाले असतील, तर पुढील १५ दिवसांचा पाठपुरावाही त्यातच येतो. आरोग्यमित्राला तसे स्पष्ट सांगा.

विहारातल्या तरुणांनी एक काम करावे. माहिती अधिकारात जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे निवासी डॉक्टरांचा महिन्याचा ड्युटी तक्ता मागावा आणि तास मोजावेत. तो कागद घेऊन अधिष्ठात्यांना भेटता येते, आमदारांनाही देता येतो.

आणि हो, कार्डाला लॅमिनेशन करू नका. पुढच्या डॉक्टरला त्यावर लिहायचे असते.