शेवंतीचा नवा रंग, आणि त्यामागची नोकरी

सोयाबीन-कपाशीच्या वावरांमध्ये वाढलेली, वर्धा जिल्ह्यातल्या जाममधली एखादी पोरगी बारावी सायन्सनंतर म्हणाली, ‘मला केमिकल वापरून फुलांचे नवे वाण काढायचेत’, की घरात पहिला प्रश्न निघतो नोकरीचा आणि दुसरा केमिकलचा. दोन्ही रास्त. दुसऱ्याचं आधी बोलू.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिंबरात शार्लट ऑरबाख यांनी मस्टर्ड गॅसमुळे फळमाशीत म्युटेशन, म्हणजे जनुकीय बदल, होतं हे दाखवलं. त्याच कामासाठी आज फुलझाडांवर सर्रास वापरतात ते इथाइल मिथेनसल्फोनेट. प्रयोगशाळेत सगळे ईएमएसच म्हणतात. ते डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतं, पेशी दुभंगताना तिथे भलतीच जोडी जमते आणि एखादा गुण बदलतो. बहुतेक बदल कुचकामी असतात. रोप खुरटतं, पान वाकडं येतं, काही फुटवे तर जगतच नाहीत.

पिवळ्या शेवंतीचे फुटवे ठरावीक वेळ द्रावणात ठेवतात, वाहत्या पाण्याखाली धुतात आणि लावतात. बहर आला की रांगेतून चालत एकेक फूल न्याहाळायचं. एखाद्या फुलात तीन-चार पाकळ्या विटकरी निघतात, बाकीच्या पिवळ्याच. इथे नवखा विद्यार्थी नाचायला लागतो आणि गाइड त्याला थांबवतात, कारण त्या फांदीत जुन्या-नव्या पेशींची सरमिसळ असते. नुसता फुटवा लावला तर रंग हातचा जाऊ शकतो. म्हणून बदललेल्या पाकळ्यांचेच तुकडे टिश्यू कल्चरमध्ये वाढवून पूर्ण नव्या रंगाचं रोप मिळवायचं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने (एनबीआरआय) शेवंतीत हे करून दाखवलं आहे.

धोका आहेच. ईएमएसमुळे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून हातमोजे, फ्यूम हूड आणि उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निकामी करणं, यातून सुटका नाही. व्हिडिओ पाहून घरच्या गच्चीत करायचा हा उद्योग नव्हे.

आता नोकरी. ‘फुलांचा म्युटेशन ब्रीडर पाहिजे’ अशी जाहिरात पेपरात सापडणार नाही. म्युटेशन हे ब्रीडरच्या हातातलं एक हत्यार आहे, आणि ते फुलांपुरतं नाही. टॅग-२४ हा भुईमुगाचा वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढला, १९९१ साली. त्याचे पूर्वज म्युटेशनमधूनच आलेले, फक्त तिथे केमिकलऐवजी किरण होते.

त्यामुळे माझा सल्ला थोडा वेगळा. एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची बीएस्सी (ऑनर्स) ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर करा. अकोला आहे, १९०६ पासूनचं नागपूरचं कृषी महाविद्यालय आहे. एमएस्सीला मात्र फ्लोरिकल्चरपेक्षा जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग घ्या, निदान मोह आवरून विचार तरी करा. फुलांचं काम नाही मिळालं तरी बियाणं कंपन्यांचं दार उघडं राहतं, आणि त्या कंपन्यांचं जालना काही परदेशात नाही. ॲग्रीला नंबर लागला नाही तर बीएस्सी बॉटनीचाही रस्ता आहे, जरा वळणाचा. शास्त्रज्ञच व्हायचं, म्हणजे पुण्याचं पुष्प संशोधन संचालनालय किंवा बंगळुरूची उद्यानविद्या संस्था, तर पीएचडी धरून नऊ-दहा वर्षं. ही बेरीज आई-बाबांनी आधीच करावी, मध्येच ‘कधी कमावणार’ म्हणू नये. खासगी कॉलेजची फी भरण्यापूर्वी ते कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे कागदावर बघा.

एक जमेची बाजू फारसं कोणी सांगत नाही. पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यानुसार पिकाच्या नोंदणीकृत वाणावर १५ वर्षं हक्क मिळतो, आणि शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो.

ॲडमिशनची घाई करण्याआधी हिवाळ्यात, शेवंतीच्या बहरात, परवानगी काढून पोरीला नागपूरच्या कृषी महाविद्यालयातले फुलांचे प्लॉट दाखवून आणा. एकसारख्या दिसणाऱ्या रांगांत तासभर डोकं घालूनही ती ‘अजून थोडं थांबू’ म्हणाली, तर फॉर्म भरा. मोबाइल काढून बसली, तर बँकेच्या परीक्षेचा क्लास हिंगणघाटात शोधायला हरकत नाही.