वहीतील नोंद आणि ऋणकोचा हक्क

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ज्या कागदावर घरदार जाई, तो बहुतेकांना वाचता येत नव्हता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, खतावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविले. लिहिलेले सारेच खरे नसते, हे त्यातून मान्य झाले.

आज ती वही पतमाहिती कंपन्यांकडे आहे. भारतात अशा चार कंपन्या असून बँका व वित्तसंस्था त्यांना कर्जदारांची माहिती पुरवितात. कर्जाचा अर्ज आला की बँक हा अहवाल पाहते. त्यात नामसाम्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागते, कधी फेडलेले कर्ज थकीतच दिसते. आमच्या गावी फिटलेले पीककर्ज असेच थकीत राहिले आणि पुढचे कर्ज पेरणीच्या तोंडावर अडले. पावती मात्र घरातील पेटीत होती!

यावर उपाय आहे. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ नुसार ऋणकोला आपली नोंद मागता येते व चूक दुरुस्त करून घेता येते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तक्रार कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी करावी, पावती व कर्ज फिटल्याचा दाखला जोडावा आणि पोच जपावी. बँकेने खात्री दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही, म्हणून बँकेचा पाठपुरावा महत्त्वाचा. निवारण तीस दिवसांत झाले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

अर्थात हा हक्क चुकीच्या नोंदीपुरताच आहे. खरी थकबाकी त्याने पुसली जात नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी बँकेचा कागद वाचणारे आपण पहिलेच आहोत. तेव्हा या सुटीत घरची पेटी उघडावी, पावत्या लावाव्यात आणि वडिलांच्या नावाचा अहवाल त्यांना मागवून द्यावा. वही जाळण्याची आता गरज नाही. ती वाचण्याची आहे.