यंत्रात हात जातो तो निष्काळजीपणामुळेच का?



मळणीचे दिवस आले की एखादी तरी वाईट बातमी कानावर येते. कोणाचा हात मळणी यंत्रात गेला, कोणाच्या मुलाची बोटे कडबा कुट्टीत तुटली. ऐकणारा हळहळतो आणि लगेच म्हणतो, "जरा लक्ष देऊन काम करायला काय झाले होते?" दोष माणसावर टाकून आपण मोकळे होतो. यंत्र मात्र तसेच राहते. पुढच्या हंगामात त्याच यंत्रावर दुसरा कोणी उभा असतो.

शरीर आणि यंत्र यांचा एकत्र विचार

वैद्यकशास्त्र शरीराचा विचार करते, अभियांत्रिकी यंत्राचा. या दोहोंचा मेळ घालणाऱ्या शाखेला जैववैद्यकीय अभियांत्रिकी म्हणतात. कृत्रिम अवयव, हृदयाच्या झडपा, रोगनिदानाची उपकरणे हे या शाखेचे नेहमीचे विषय. दिल्लीच्या आय. आय. टी.मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने 1971 साली असे केंद्र सुरू झाले. तेथील प्राध्यापक डॉ. दिनेश मोहन यांनी मात्र इजा झाल्यावर काय करावे यापेक्षा इजा होतेच कशी, हा संशोधनाचा विषय निवडला. रस्त्यावरील अपघातांबरोबरच मळणी यंत्र व कुट्टी यंत्र यांवरही त्यांनी काम केले. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. मॅथ्यू वर्गीस यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्याबरोबर होते. डॉ. मोहन यांचे मे 2021 मध्ये निधन झाले, पण त्यांच्या कामातील धडा आपल्या खळ्यावर आजही उपयोगी आहे.

लक्ष असूनही अपघात का होतो?

साधा हिशेब करून पाहू. डोळ्यांनी धोका पाहिल्यापासून हात मागे घ्यायला सुरुवात होईपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. मळणी यंत्राचा ड्रम मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 10 फेरे झाले. म्हणजे तुमचा हात हलण्याआधीच ड्रम अडीच वेळा फिरलेला असतो. पेंढीत अडकलेली बोटे तेवढ्यात आत ओढली जातात. ही गती कितीही हुशार माणसाला गाठता येणार नाही. त्यातच दिवसभराचा थकवा, धूळ, रात्रीचा अपुरा उजेड आणि यंत्र भाड्याचे असल्याने काम उरकण्याची घाई. चूक माणसाकडून होणारच. त्या चुकीची किंमत म्हणून हात जाऊ नये, अशी यंत्राची रचना हवी. या संशोधनाचे सार हेच आहे.

कुट्टी यंत्रातील तीन सुधारणा

डॉ. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील खेड्यांत कुट्टी यंत्राच्या अपघातांची पाहणी केली. जखमींमध्ये मुलेही होती. त्यावरून त्यांनी पुढील सुधारणा सुचविल्या.

1. पात्यावर संरक्षक आवरण बसवावे, म्हणजे धार उघडी राहत नाही.
2. वैरण ओढणाऱ्या दातेरी रुळांच्या अलीकडे एक इशारा देणारा रूळ बसवावा. हात पुढे सरकला तर आधी या रुळाला लागतो आणि माणूस सावध होतो.
3. काम संपल्यावर चाक अडकवून ठेवणारी खीळ असावी. मग मुलांनी खेळता खेळता चाक फिरवायचे म्हटले तरी ते फिरत नाही.

यात गावच्या वेल्डिंगवाल्याला न जमण्यासारखे काही नाही.

मळणी यंत्र घेताना किंवा भाड्याने आणताना

शेतीतील धोकादायक यंत्रांसाठी केंद्र सरकारने 1983 मध्ये कायदा केला असून शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे त्याच्या कक्षेत येतात. भारतीय मानकानुसार पेंढी सारण्याची पन्हळ किमान 90 सें.मी. लांब असावी व त्यातील 45 सें.मी. भाग वरून झाकलेला असावा. कारण उघड आहे. पन्हळ लांब व झाकलेली असेल, तर हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. यंत्र खळ्यावर उभे करण्यापूर्वी टेपने मोजून पाहावे. त्याबरोबरच,

- पट्टा, पुली व फिरणारा दांडा यांवर जाळी किंवा पत्रा असावा.
- पेंढी सारणाऱ्याने डगमगणाऱ्या दगडांवर किंवा पोत्यांच्या थप्पीवर उभे राहू नये. पायाखाली पक्की फळी असावी.
- सैल बाह्या, पदर, ओढणी, उपरणे, हातातील कडे व घड्याळ टाळावे.
- अडकलेला काड काढण्यापूर्वी यंत्र पूर्ण बंद करावे. वीज किंवा इंजिन बंद केल्यावरही ड्रम काही वेळ फिरत राहतो, हे विसरू नये.
- पेंढी सारणारा माणूस ठरावीक वेळाने बदलावा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तरीही अपघात झाल्यास

यंत्र ताबडतोब बंद करावे. अडकलेला हात बळाने ओढू नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात उंच ठेवावा. हळद, माती किंवा ऑइल लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. पिशवीचे तोंड बांधून ती बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून रुग्णासोबत बोटही न्यावे. वेळेत पोहोचल्यास ते जोडता येण्याची शक्यता असते.

शेतकरी बंधूंनो, बियाणे घेताना आपण उगवण तपासतो, बैल घेताना दात पाहतो. यंत्र घेताना मात्र तासाला किती पोती निघतात एवढेच विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. या यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्याचा हात चुकून घसरला, तर तो कुठपर्यंत जाईल? उत्तर मनासारखे नसेल, तर आधी पन्हळ बदलून घ्या, मळणी त्यानंतर करा.