वळिवड्याची छावणी आणि आपले दान



मिस्सामध्ये निर्वासितांसाठी प्रार्थना होते तेव्हा सुदान, मणिपूर ही नावे आपल्याला फार दूरची वाटतात. पण असेच एक ठिकाण फोंडा घाटाच्या पलीकडे, कोल्हापूरजवळ आहे. त्याचे नाव वळिवडे.

1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घरातून उचलून सायबेरिया व कझाकस्तानात धाडले. 1942 साली त्यांतील काहींना इराणमार्गे बाहेर पडता आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरक्या मुलांना आसरा दिला, हे अनेकांनी ऐकले असेल. 1943 साली कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे त्याहून मोठी छावणी उभी राहिली. सुमारे 5 हजार माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, आणि बहुसंख्य आपल्यासारखीच कॅथलिक.

तिथे अन्न, औषध, छप्पर आधी आले. उपाशी माणसाला पेज हवी, प्रवचन नव्हे. पण पुढचा भाग आपण नीट समजून घ्यावा. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या, स्वतःची चूल आणि खर्चासाठी भत्ता मिळे. चर्च झाले, दवाखाना झाला, पोलिश शाळा सुरू झाल्या. बराचसा खर्च लंडनमधील पोलिश सरकारने सोसला. ते सरकारही परागंदाच होते!

तत्त्वज्ञानाच्या वर्गात दया आणि न्याय ही प्रकरणे वेगवेगळी शिकवतात. वळिवड्याची आई बाजारातून आपल्या मनाने भाजी आणून मुलांना रांधून घाली, तेव्हा ती दोन्ही एकाच चुलीवर येत. वादळात होडी गेलेल्या आपल्या रापणकाराला विचारा. तांदूळ आठ दिवस पुरतात, त्याला जाळे हवे असते.

म्हणून कपड्यांची गाठोडी नकोत, असे आम्ही स्पष्टच सांगतो. आपण स्वतः मिस्साला घालणार नाही ते कपडे दुसऱ्याला देण्यात देणाऱ्याची फक्त ट्रंक रिकामी होते. (ते निवडत बसणाऱ्या बायकांचे हाल वेगळेच.) कारितास इंडियासारख्या संस्थेकडे थोडी रोख रक्कम गेली, तर काय हवे ते घेणाराच ठरवू शकतो.

पोलिश कुटुंबे 1948 पर्यंत निरनिराळ्या देशांत निघून गेली. काहींच्या आप्तांच्या कबरी कोल्हापुरात राहिल्या. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक आले, आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. तिथल्या कापडबाजारात आज आपल्याकडचीही काही कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला जातात.