प्लेट बसविलेला भग्नरुग्ण : संधानकाळातील दक्षता

कर्जत-खालापूर परिसरातील वैद्यांना भग्नरुग्णांची वानवा कधीच नसते. एकीकडे बोरघाट व २००२ साली पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग, दुसरीकडे भातखाचरांचे निसरडे बांध. पूर्वी असे रुग्ण हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेत. आता त्यांतील बरेचसे पनवेलकडे नेले जातात, शस्त्रकर्म होऊन प्लेट बसते आणि टाके निघाल्यावर रुग्ण गावी परततो. पुढे 'हाड जुळण्याचे औषध' मागत तो आपल्याच दारी येतो. म्हणून प्लेटचे कार्य व मर्यादा आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी १८८६ मध्ये धातूची पट्टी व स्क्रू वापरून भग्न स्थिर केल्याचे प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'एओ' गटाने या तंत्रास शास्त्रशुद्ध बैठक दिली. दाब देणाऱ्या प्लेटने दोन्ही टोके घट्ट भिडविली असता अस्थिसंधान थेट होते; क्ष-किरण चित्रात कॅलस फारसा दिसत नाही, आणि तो दिसत नाही म्हणून संधान होत नाही असा निष्कर्ष काढू नये. हाडाचे अनेक तुकडे झाले असल्यास मात्र प्लेट केवळ पुलाप्रमाणे बसवितात; तेथे कॅलस दिसलाच पाहिजे. रुग्णाचे चित्र हाती घेताना हा भेद प्रथम पाहावा.

सुश्रुताचार्यांनी जंघा व ऊरू यांच्या भग्नात कपाटशयन सांगितले आहे. रुग्णास फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधारे बांधावयाचे. प्लेट हे एका अर्थी आत नेलेले कपाटच होय. परंतु कपाटावरील रुग्ण उठूच शकत नसे. प्लेटचा रुग्ण उठू शकतो, वेदनाही लवकर शमते, आणि धोका नेमका येथेच आहे. तार वारंवार वाकविली की तुटते, तसाच धातूही प्रत्येक पावलाच्या ताणाने थकत जातो. हाड जुळणे आणि धातू थकणे यांची ती शर्यत असते.

काही वर्षांपूर्वी कशेळे भागातील एक शेतमजूर मांडीच्या हाडास प्लेट बसवून माझ्याकडे आला. मी लाक्षादी गुग्गुळ, दूध-तूप व पथ्य सांगितले. पायावर भार किती देतोस, हे मात्र विचारले नाही. औषधाने बरे वाटते म्हणून तो आठव्या आठवड्यात लावणीस उतरला. महिन्याभरात प्लेट मोकळ्या छिद्रापाशी तुटली. पुन्हा शस्त्रकर्म, अस्थिरोपण आणि वर्षभराची मजुरी बुडाली. त्या प्रकरणात माझा वाटा किती, हा प्रश्न मी स्वतःस अनेकदा विचारला आहे.

सुश्रुतांनी पूर्व वयात एक, मध्यम वयात दोन व उत्तर वयात तीन महिने असा संधानकाळ दिला आहे. प्रौढाच्या मांडीच्या हाडास प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो. ग्रंथोक्त कालावधी संपला म्हणून चालण्याची अनुज्ञा आपण देऊ नये. ती शस्त्रकर्म करणाऱ्या सर्जननेच, चित्र पाहून द्यावी.

औषधयोजनेविषयी फारसे सांगणे नलगे. लाक्षा, अस्थिसंहारी, अर्जुन, अश्वगंधा आपल्या नित्य परिचयाची आहेत. क्षीर, घृत व मांसरस द्यावेत. लवण, अम्ल, कटु व क्षार वर्ज्य करावेत. विडी बंद करावी, धूम्रपानाने संधान लांबते. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आहे का, हे पाहावे. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर तेल लावू नये. भग्नस्थानी जोराचे मर्दन तर नकोच.

औषधी दुकानदार बंधूंनी एक प्रश्न अवश्य विचारावा: "चालताना दुखते का?" शमलेली वेदना पायावर भार देताच पुन्हा उद्भवली, तर स्क्रू सैल होणे, प्लेट वाकणे वा असंधान यांची शंका घ्यावी. ज्वर, स्थानिक उष्णता किंवा व्रणातून स्राव असल्यास पाकाची. असा रुग्ण वेदनाशामक तेल देऊन आठवडाभर थांबविणे म्हणजे त्याची हानी करणे होय. त्याच दिवशी सर्जनकडे धाडावा, सोबत आपल्या औषधांची चिठ्ठी द्यावी.

प्लेट काढावी का, असेही रुग्ण विचारतात. त्रास नसेल तर ती नेहमी काढावीच लागते असे नाही. काढल्यावर मात्र स्क्रूची छिद्रे भरून येईपर्यंत हाड तेथे दुर्बल असते. त्या काही महिन्यांत ओझे उचलणे व झाडावर चढणे वर्ज्य सांगावे.