देशसात्म्य आणि आंत्रस्थ जीवाणू

दिवेआगर हा आनूप देशाचा उत्तम नमुना होय. नारळ-सुपारीच्या वाड्या, भातखाचरे, दमट वारा. ताटात भात, मासळी, नारळ आणि कोकम. येथील कोष्ठ व घाटावरील ज्वारी-बाजरी खाणाराचा कोष्ठ एकाच मापाने मोजू नये, हे सात्म्यविचार सांगतोच. सूक्ष्मजीवशास्त्रही आता तेथे पोहोचले आहे.

२०१९ साली भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतांशी शाकाहारी भोपाळकरांत प्रिव्होटेला हे जीवाणू प्रबळ आढळले. मिश्राहारी केरळीयांत बॅक्टेरॉइडिस व रुमिनोकॉकस अधिक होते. केवळ देशच कारण मानू नये. २०१८ मधील, पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील अभ्यासात एकाच भागातील लोकांतही प्रकृतिपरत्वे भेद दिसले.

व्यवसायाच्या दृष्टीने स्थलांतर अधिक महत्त्वाचे. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग व कारेन लोकांत आंत्रस्थ जीवाणूंचे वैविध्य घटले आणि तंतुमय अन्न पचविणारी प्रिव्होटेला कमी झाली, असे २०१८ साली दिसून आले. हा बदल काही महिन्यांतच सुरू झाला होता. दिवेआगरहून मुंबईस गेलेला तरुण अग्निमांद्याची तक्रार घेऊन येतो, तेव्हा हे स्मरावे. त्याला सरसकट जीवाणूयुक्त कॅप्सूल देणे दुकानदारास सोयीचे, पण ते निदान नव्हे. आहारबदल चरकोक्त पादांशिक क्रमाने करावा. रुग्णपत्रिकेत जन्मगाव, बालपणीचा आहार, स्थलांतराचे वर्ष व अलीकडे घेतलेली प्रतिजैविके यांची नोंद अवश्य ठेवावी.